न उच्चारलेले विधान

कोणाचे मत खोडून काढावयाचे झाले की आपण त्याच्या शब्दांवर तुटून पडतो. तो जे बोलला ते खोटे आहे, हे ठरविण्यात सभा सरते आणि सगळे जण आपापले मत घेऊन घरी जातात. पुष्कळदा त्याचे बोललेले शब्द खरेच असतात. खोट असते ती त्याने न बोललेल्या शब्दांत. दोन वाक्यांच्या मध्ये एक तिसरे वाक्य दडलेले असते. ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्यालाही. सारा भार मात्र त्याच्यावरच असतो. अशा एका दडलेल्या वाक्याची, आणि त्याच्या भावंडांची, झडती घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

आमच्या धर्मग्रामांतून गेली कित्येक वर्षे एक युक्तिवाद फिरतो आहे. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, पालकसभेत तो सारख्याच शब्दांत ऐकू येतो : ‘जगात पुढे जायचे तर इंग्रजी आलेच पाहिजे, म्हणून मुलाला इंग्रजी माध्यमातच घातले पाहिजे.’ हे वाक्य इतक्या तोंडांतून गेले आहे की त्याला आता म्हणीचे स्वरूप आले आहे, आणि म्हणीला कोणी पुरावा विचारीत नाही. ह्या एका वाक्यावर मुलांचे भवितव्य ठरते, शाळांचे वर्ग उघडतात आणि मिटतात. म्हणून पुरावा विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

युक्तिवादाचा पूर्वार्ध आम्ही निःशंकपणे मान्य करतो. उच्च शिक्षण, न्यायालये, वैद्यक, संगणक, परदेशातील नोकऱ्या ह्या सर्व ठिकाणी इंग्रजीवाचून अडते. ज्याला ते नाकारावयाचे असेल त्याने खुशाल नाकारावे. आम्ही त्या पंक्तीत बसणार नाही. परंतु ‘इंग्रजी आले पाहिजे’ ह्या विधानापासून ‘इंग्रजी माध्यमच हवे’ ह्या निष्कर्षापर्यंत जायला मध्ये एक साकव लागतो, आणि तो साकव म्हणजे हे विधान : ‘इंग्रजी माध्यमाशिवाय इंग्रजी येत नाही.’ हे विधान कोणीही उच्चारीत नाही. उच्चारले असते तर कोणीतरी ‘खरेच का?’ असे विचारले असते.

आपल्या देशातील नैयायिकांनी ह्या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला होता. अनुमानाचे त्यांनी पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, एवढे म्हणून ते थांबत नसत. धूर आणि अग्नी ह्यांचे साहचर्य कोठेही चुकत नाही, ही ‘व्याप्ती’ उघडपणे मांडावी आणि तिला स्वयंपाकघरासारखे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण द्यावे, असा त्यांचा दंडक होता. मधले वाक्य गिळण्याची मुभा तेथे नव्हती. त्यापुढे जाऊन त्यांनी ‘उपाधी’ नावाचा दोषही दाखविला. धुरावरून अग्नीचे अनुमान होते. पण अग्नीवरून धुराचे करू गेल्यास फसगत होते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. चुलीतून धूर येतो तो नुसत्या अग्नीमुळे येत नाही, सरपण ओले असते म्हणून येतो. ते ओले सरपण ही उपाधी, म्हणजे आपल्या नजरेतून सुटलेली अट. माध्यमाच्या वादात असे ओले सरपण किती आहे, ते पुढे दिसेलच.

ख्रिस्ती वाचकाला ह्यासाठी तर्कशास्त्राचे ग्रंथ धुंडाळावयास नकोत. पवित्र शास्त्रात ईयोबाचे मित्र आहेत. देव न्यायी आहे, तो पाप्याला शासन करतो. ईयोब दुःखात बुडाला आहे. तेव्हा ईयोबाने पाप केलेच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांची वाक्ये एकेकटी घेतली तर प्रवचनात शोभतील अशी आहेत. परंतु ‘प्रत्येक दुःख ही शिक्षाच असते’ हे त्यांचे न उच्चारलेले विधान खोटे होते, आणि त्या एका विधानापायी सांत्वनाला आलेली माणसे छळवादी ठरली. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो ह्या धर्मनिष्ठ मित्रांवर. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात हेच गृहीत पुन्हा डोके वर काढते. हा मनुष्य जन्मांध आहे, तर पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात. प्रभूने त्या दोहोंपैकी एकाची निवड केली नाही. प्रश्नाच्या पोटात जे विधान लपले होते, तेच त्याने बाहेर काढून दूर सारले. न उच्चारलेल्या विधानाचा शोध घेणे हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. त्यावाचून निरपराध माणसाला न्याय मिळत नाही.

आता आमच्या युक्तिवादाकडे वळू. दडलेले विधान खरोखरच भार वाहते काय, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे : ते उलटे करून पाहावे. ‘इंग्रजी माध्यमाशिवायही इंग्रजी उत्तम येऊ शकते’ असे क्षणभर धरा. मग इंग्रजीची गरज कितीही मोठी असली तरी तिच्यावरून माध्यमाविषयी काहीच सिद्ध होत नाही. युक्तिवाद जागच्या जागी बसतो. आणि हे उलटे विधान निव्वळ कल्पनाही नाही. नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन ह्या देशांत मुले सर्वसाधारणपणे आपापल्या भाषेत शिकतात आणि इंग्रजी एक विषय म्हणून घेतात. तेथील तरुणांच्या इंग्रजीला कोणी नावे ठेवीत नाही. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या वसईपट्ट्यातील ज्येष्ठ धर्मगुरूंपैकी कितीतरी जण मराठी शाळांतून शिकून सेमिनरीत गेले आणि तेथे तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान इंग्रजीतून शिकले. महाराष्ट्र शासनाने तर २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आणला. ‘पाचवीपर्यंत मुलाला ए-बी-सी-डी ठाऊक नसते’ ही जुनी तक्रार त्याच वर्षी निकालात निघाली; युक्तिवाद मात्र जुन्याच वेषात हिंडतो आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘अमुकाशिवाय तमुक होत नाही’ हे विधान पाडावयास एक खरे उलट उदाहरण पुरते. परंतु त्या उदाहरणावरून ‘मराठी माध्यम हेच सर्वांना श्रेयस्कर’ असे सिद्ध होत नाही. मराठी शाळांत शिकून थोर झालेल्यांच्या नामावळ्या आपल्या सभांतून वाचल्या जातात. ती नामावळी आम्ही येथे जाणूनबुजून दिलेली नाही. त्या काळी बहुतेकांपुढे मराठी शाळा हाच मार्ग होता. तेव्हा थोर झालेलेही तेथलेच आणि मागे राहिलेलेही तेथलेच. मागे राहिलेल्यांची यादी कोणी करीत नाही, इतकेच.

हाच दोष पलीकडच्या बाजूलाही आहे, आणि तेथे तो अधिक खपतो. ‘अमक्याचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकला, आज मोठ्या कंपनीत आहे, आमचा मराठी शाळेत शिकला, तो मागे राहिला.’ ह्यात दडलेले विधान असे की, त्या दोन मुलांमध्ये माध्यमावाचून दुसरा कोणताच फरक नव्हता. वास्तविक एकाचे आईवडील पदवीधर, घरी पुस्तके, शिकवणीला पैसे, अभ्यासाला निराळी खोली. दुसऱ्याचा बाप पहाटे भाजी घेऊन बाजाराला जाणारा, आई वाडीत राबणारी. धूर दिसला खरा, पण सरपण ओले होते ते कोणी पाहिले नाही. ऐपत असलेली घरे प्रथम इंग्रजी शाळांकडे वळली. त्या घरांचे यश शाळेच्या खात्यावर जमा झाले. आणि ते पाहून ऐपत नसलेली घरे कर्ज काढून त्याच रांगेत उभी राहिली. त्यांना शाळा मिळाली. त्या घरांतील पुस्तके, पदव्या आणि संध्याकाळी अभ्यास घ्यायला मोकळे असलेले आईबाप शाळेबरोबर थोडेच मिळणार होते?

तिसरा युक्तिवाद वरकरणी निरुपद्रवी आहे : ‘मराठी काय, घरात बोलतोच, ती शाळेत शिकायची गरज काय?’ येथील न उच्चारलेले विधान असे की, जो बोलतो त्याला वाचता-लिहिता येतेच. आमच्या घरांत बोलली जाते ती सामवेदी, वाडवळी, कोळी अशी कोणती ना कोणती बोली. ती आमची खरी मायबोली, तिचा आम्हांस अभिमानच आहे. पण उपासनेतील वाचने, भक्तिगीते, पवित्र शास्त्राचे भाषांतर आणि हे त्रैमासिक ज्या ग्रांथिक मराठीत आहे, ती मराठी आमच्या मागल्या पिढ्यांना शाळेने दिली. शाळेचा तो दुवा निखळला, तर नात आजीशी बोलेल, पण आजीच्या प्रार्थनापुस्तकाचे पान तिला लावता येणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे, मग चिंता कशाची? उत्तम. विषय म्हणून शिकविली तर भाषा येते, हे ज्यांना मराठीच्या बाबतीत मान्य आहे, त्यांनी तेच इंग्रजीच्या बाबतीतही मान्य करावे. एकाच पंचांगाचे दोन मुहूर्त काढू नयेत. आणि न्याय उभयपक्षी सारखाच हवा म्हणून आम्हीही कबूल करतो की, केवळ भाषा येणे हाच निकष असेल तर दोन्ही पारडी सारखी होतात. मग खरा प्रश्न उरतो तो असा : अपूर्णांक, गुरुत्वाकर्षण, लोकशाही ह्या गोष्टी मुलाला आयुष्यात प्रथम भेटणार त्या कोणत्या भाषेत? जी त्याला समजते त्या, की जी ते अजून चाचपडत शिकत आहे त्या? १९५३ मध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञांनी मातृभाषा हेच शिक्षणाचे सर्वोत्तम माध्यम म्हटले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा सुचविली, ते ह्याच प्रश्नाचे उत्तर होते. ज्या घरांत आता इंग्रजीच बोलली जाते, त्यांच्यापर्यंत आमचा युक्तिवाद पोहोचत नाही, हेही सांगून टाकतो. परंतु तशी घरे किती आणि तसे भासविणारी किती, हे ज्याचे त्याने आपल्या ओटीवर बसून मोजावे.

चौथे विधान सर्वांत खोल दडलेले आहे. ते उच्चारायला माणसे लाजतात, पण वागण्यातून ते उघडे पडते : ‘आपण ख्रिस्ती, म्हणून इंग्रजी आपल्याला अधिक जवळची.’ धर्माबरोबर भाषाही येते, हे त्यातील गृहीत. इतिहास ह्याच्या नेमका उलट साक्ष देतो. ज्याची मातृभाषा इंग्रजी होती, त्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी गोव्यात येऊन मराठीत सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. त्यानंतर ६८ वर्षांनी, १६८४ मध्ये, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी असे फर्मान काढले. श्रद्धा आणि राज्यकर्त्यांची भाषा ह्यांची गाठ अटळ आहे, हे त्या फर्मानाचे गृहीत होते. आज कोकणी नांदते आहे, आणि फर्मान दप्तरात पडून आहे. आमच्या वसईतही १५३४ ते १७३९ अशी दोन शतके पोर्तुगीजांचा अंमल होता. घराघरांतील बोली टिकून राहिल्या. पुढे ‘ख्रिस्तसभा एक, म्हणून उपासनेची भाषाही एक’ असे म्हणणारे होतेच. एकता म्हणजे एकसारखेपणा हे त्यांचे लपलेले विधान होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध करून लोकभाषांना वेदीजवळ जागा दिली. पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने यरुशलेमेत जमलेल्या परदेशस्थांना एखादी नवी भाषा शिकविली नव्हती. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले होते.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी भूषविले, तेव्हा आमच्या धर्मग्रामांतून अभिमानाची लाट उसळली. तो अभिमान योग्यच. पण पुढेही असे लेखक आमच्यातून निपजत राहतील, असे मानताना मराठी वाचणारी मुले आपोआप निपजत राहतील, हे विधान आपण गृहीत धरतो. ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापावे लागले, कारण तेव्हा देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. आता खिळ्यांची वाण नाही. पण उद्या आमची भक्तिगीते रोमन लिपीत छापावी लागली, तर ती वाचणारे डोळे उरले नाहीत म्हणून लागतील.

पाचवा युक्तिवाद पालकांचा नाही, शाळा चालविणाऱ्यांचा आहे : ‘पालकांचीच मागणी नाही, म्हणून मराठी वर्ग बंद करावा लागतो.’ मागणी ही पावसासारखी आकाशातून येते, तिच्याशी आपला संबंध नाही, असे ह्यात गृहीत आहे. ज्या वर्गाला दोन-दोन वर्षे शिक्षक मिळत नाही, ज्याची बाके शेजारच्या इंग्रजी विभागातून उतरलेली असतात, ज्याच्या मुलांना स्नेहसंमेलनात शेवटचा क्रमांक मिळतो, त्या वर्गाची मागणी घटणार नाही तर काय वाढेल? झाडाचे पाणी तोडावयाचे आणि ते वाळले की ‘ह्या जमिनीत हे झाड होत नाही’ म्हणून सांगावयाचे, असा हा प्रकार आहे. काही ठिकाणी अडचणी खऱ्या असतात, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्या अडचणी पालकांच्या माथी मारू नयेत, एवढेच आमचे मागणे.

झडती घ्यावयाची तर आपल्या घराचीही घ्यावी. संत थॉमस अक्वायनस आपल्या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी प्रतिपक्षाचे आक्षेप मांडीत असे आणि अखेरीस एकेकाला उत्तर देत असे. ती शिस्त मराठीच्या कैवाऱ्यांनी क्वचितच पाळली आहे. ‘मातृभाषेतील शिक्षण श्रेष्ठ, म्हणून मुलाला आमच्या मराठी शाळेत घाला’ ह्या आवाहनातही एक विधान गिळलेले असते : ‘आमची मराठी शाळा चांगली शिकविते.’ ते प्रत्येक शाळेविषयी खरे आहे काय? युनेस्कोचा अहवाल गळक्या छपराला किंवा तयारी न करता वर्गात येणाऱ्या शिक्षकाला प्रमाणपत्र देत नाही. दुसरे असे की, सामवेदी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला पाठ्यपुस्तकातील मराठीही काहीशी परकीच वाटते. तिच्या बोलीला हसणाऱ्या मराठी शाळेने मातृभाषेचा झेंडा कोणत्या तोंडाने मिरवावा? आधी वर्गात बोलीला मान द्यावा, तिचा हात धरून ग्रांथिक मराठीकडे न्यावे. मग त्या आवाहनात बळ येईल.

‘मराठीची भाषणे ठोकणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात?’ हा सभेत हमखास टाळ्या घेणारा प्रश्न. ज्याला लाज वाटावयाची त्याला ती अवश्य वाटावी. पण वक्त्याचे आचरण ढोंगी असले म्हणजे त्याचे विधानही खोटे, हे ह्या टाळ्यांमागचे गृहीत मात्र टिकत नाही. दारूच्या दुष्परिणामांवर मद्यपी बोलला म्हणून दारू गुणकारी ठरत नाही.

मग करावे काय? पालकसभा असो वा धर्मग्रामाची परिषद, कोणी ‘म्हणून’ हा शब्द उच्चारला की तेथे थांबावे. त्या ‘म्हणून’च्या अलीकडे आणि पलीकडे काय आहे ते पाहावे. मधले विधान स्वच्छ मराठीत फळ्यावर लिहावे, ते उलटे करून पाहावे, आणि नजरेतून सुटलेली अट कोणती हे विचारावे. हे करताना आवाज चढविण्याचे कारण नाही. समोरच्याची वाक्ये खरी असतील तर ती खरी म्हणून आधी मान्य करावीत. इतके करूनही एखाद्या घराने इंग्रजी माध्यम निवडले, तर तो निर्णय डोळसपणे घेतलेला असेल आणि आम्ही त्याचा आदर करू. आमचे भांडण इंग्रजीशी नाही, इंग्रजी शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या त्या चिमुरड्यांशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते कोणी न उच्चारलेल्या, कोणी न तपासलेल्या, आणि तरीही सर्वांनी शिरोधार्य मानलेल्या एका वाक्याशी.

नव्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होतील तेव्हा घराघरांतून चर्चा होईल. त्या रात्री जेवण आटोपल्यावर आईवडिलांनी ते वाक्य एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे : ‘इंग्रजी माध्यमाशिवाय इंग्रजी येत नाही.’ आणि मग आजोबांना विचारावे, हे खरे आहे का? मराठी शाळेत शिकून हयातभर इंग्रजीत पत्रव्यवहार करीत आलेला एखादा तरी आजोबा त्या ओसरीवर बसलेला असेल. त्याचे उत्तर ऐकून मगच अर्ज भरावा.